उन्हाळ्यातील दोन दिवसांची सामूहिक ग्रॅव्हल सफर : अंतर, पाणी आणि वेगातील तफावत यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : मुरूमवाट

येत्या उन्हाळ्यात शनिवार-रविवार मिळून आम्ही ८ जण सायकलींवरून एक लांबची ग्रॅव्हल, म्हणजे खडी-मुरुमाच्या कच्च्या रस्त्यांवरची, सफर करण्याच्या विचारात आहोत. मार्ग २६० किलोमीटरचा असून त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश भाग कच्चा आहे. काही ठिकाणी दाबलेला मुरूम, बराचसा भाग सुट्या खडीचा आणि मध्ये एक वाळूचा पट्टा, असे त्याचे स्वरूप आहे. पहिल्या दिवशी १५० किलोमीटर व १,८०० मीटर चढ आणि दुसऱ्या दिवशी ११० किलोमीटर व १,२०० मीटर चढ, अशी विभागणी सध्या केली आहे. मुक्कामाची जागा निश्चित आहे. दुपारचे तापमान ३८ अंशांपर्यंत जाईल असे गृहीत धरले आहे.

गटात चौघांना कच्च्या रस्त्यावर दिवसभर सायकल चालवण्याची सवय आहे, दोघे आजवर केवळ डांबरी रस्त्यावर चालवत आले आहेत आणि दोघांकडे पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइक आहेत. डांबरी रस्त्यावरच्या दोघांचे म्हणणे असे की त्यांच्या ३२ मिलिमीटर रुंदीच्या टायरवर ही सफर सहज होईल. मला ते पटत नाही, परंतु माझे म्हणणे ठामपणे मांडता यावे इतकी माहितीही माझ्याकडे नाही.

माझे मुख्य प्रश्न असे आहेत. ही विभागणी व्यवहार्य आहे का? दोन पाणवठ्यांमधील सर्वांत मोठे अंतर ४५ किलोमीटर आहे, तेव्हा प्रत्येकाने किती पाणी सोबत ठेवावे? वेगात एवढी तफावत असलेला गट एकत्र कसा ठेवावा? आणि सामान व पाणी घेऊन एक गाडी सोबत ठेवावी का?

उत्तर : संथगती

मी बहुतेक गटांमध्ये सर्वांत मागे असते, त्यामुळे आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करते. पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच निघते.

आपण अंतर किलोमीटरमध्ये मोजले आहे. कच्च्या रस्त्यावर गटाचा दिवस तासांत मोजावा लागतो, आणि तेही सर्वांत संथ व्यक्तीच्या तासांत. आपण वर्णन केलेल्या रस्त्यावर व चढांवर मिश्र गटाचा चालता वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास धरावा. त्या हिशेबाने १५० किलोमीटरना जवळजवळ साडेनऊ तास केवळ पेडल मारण्यात जातात. दर तासाला १० मिनिटे थांबण्यात गेली, तर त्यात दीड तासाची भर पडते. ३८ अंशांत दुपारी तीन तास सावलीत काढणे भागच आहे. एकूण हिशेब १४ तासांवर जातो. पहाटे ५ वाजता निघालेला गट संध्याकाळी ७ वाजता पोहोचेल, आणि यात एकही पंक्चर, एकही चुकलेले वळण धरलेले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांनी त्याच उन्हात पुन्हा ११० किलोमीटर चालवावेत ही अपेक्षा मला फार वाटते.

माझी सूचना अशी की पहिला दिवस ११० आणि दुसरा ८० किलोमीटरचा करावा. पहाटे पावणेपाचला निघाल्यास थांबे धरूनही ११ वाजेपर्यंत ८५ किलोमीटरच्या पुढे मजल जाते. उरलेले २५ किलोमीटर दुपारी ४ नंतर, ऊन उतरल्यावर करता येतात. दुसऱ्या दिवसाचे ८० किलोमीटर ११ वाजण्याच्या सुमारास संपतात, म्हणजे त्या दिवशी दुपार रस्त्यावर काढावीच लागत नाही. मुक्कामाची जागा हलवणे शक्य नसेल, तर आरंभाचे ठिकाण पुढे सरकवावे.

आता गट एकत्र ठेवण्याविषयी. वेगवान मंडळी चढाच्या माथ्यावर पोहोचतात, सायकली आडव्या टाकतात, पाणी पितात, काहीतरी खातात, छायाचित्रे काढतात. पंधरा मिनिटांनी शेवटची व्यक्ती धापा टाकत पोहोचते आणि तिला पाहताच सगळे हेल्मेट चढवून निघतात. परिणाम असा की ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती सर्वांत कमी मिळते, आणि दिवसाच्या शेवटी हीच व्यक्ती कोलमडली की तिच्या तंदुरुस्तीविषयी चर्चा होते. यावर उपाय साधा आहे : थांब्याची वेळ शेवटचा माणूस पोहोचल्यापासून मोजावी. १० मिनिटे ठरली असतील, तर ती त्याच्या आगमनापासूनची १० मिनिटे असावीत.

चढावर सर्वांनी एकत्र राहण्याचा आग्रह धरू नये. स्वतःच्या लयीपेक्षा हळू चढणेही थकवणारे असते. मात्र प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबावे आणि अनुभवी चौघांपैकी एकाने आळीपाळीने स्वीपचे काम करावे, म्हणजे सर्वांत मागे राहावे. स्वीपच्या पुढे सगळे आहेत ही खात्री असली की मोजदादीची कटकट उरत नाही.

उत्तर : आरे आणि तुंबा

टायरविषयी लिहितो. सुट्या खडीवर ३२ मिलिमीटरचा टायर चालत नाही असे नाही, परंतु त्याला जास्त हवा लागते, जास्त हवेमुळे तो खडीवर उसळतो, आणि उसळणाऱ्या चाकाची पकड कमी होते. शिवाय ती उसळ हातांना, पाठीला व बैठकीला दिवसभर सोसावी लागते. वाळूत तर अरुंद टायर सरळ आत रुततो. त्यांच्या फ्रेममध्ये ४० मिलिमीटरचा टायर बसत असेल तर तो बसवावा. बसत नसेल तर त्या सायकली या मार्गासाठी नाहीत, हे आत्ताच स्पष्टपणे सांगितलेले बरे.

हवेच्या दाबाचा अंदाज म्हणून सांगतो : सुमारे ७० किलो वजनाच्या व्यक्तीने ४५ मिलिमीटरच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे २८ ते ३० आणि मागे ३२ ते ३४ पीएसआय ठेवून पाहावे. सामान असल्यास मागच्या चाकात थोडी वाढ करावी. आत ट्यूब असेल तर इतका कमी दाब ठेवू नये, कारण दगडावर आपटताच ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते व तिला एकाच वेळी दोन भोके पडतात. उन्हाळ्यात आणखी एक बाब लक्षात घ्यावी. पहाटेच्या गारव्यात भरलेल्या हवेचे तापमान दुपारपर्यंत २० अंशांनी वाढले, तर या दाबाच्या टायरमध्ये सुमारे ३ पीएसआयची वाढ होते. ही वाढ धोक्याची नाही, पण सकाळी चांगला पकडणारा टायर दुपारी कडक व चंचल का वाटतो याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

ट्यूबलेस टायरमधील सीलंट, म्हणजे भोके आतून बुजवणारा द्रव, उष्णतेत लवकर सुकते. टायर हलवल्यावर आत द्रवाचा आवाज येत नसेल, तर निघण्यापूर्वी भर घालावी. ग्रॅव्हल टायरला साधारण ६० ते ९० मिलिलिटर पुरते. ही तयारी आदल्या रात्री करू नये, किमान आठवडाभर आधी करून त्या टायरवर चालवून पाहावे. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. तो वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, काही सीलंटच्या त्याने गुठळ्या होतात, आणि नळकांडे एकदा संपले की संपले. हातपंपाला असे काही नसते.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया येथून दरवर्षी निघणारी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची अनबाउंड ग्रॅव्हल शर्यत तेथील टोकदार गारगोटीच्या दगडांसाठी कुप्रसिद्ध आहे, कारण ते दगड टायरची बाजू चिरतात. बाजूची मोठी चीर सीलंटने भरत नाही आणि प्लगही (भोकात खुपसायची रबरी पट्टी) तेथे धड टिकत नाही. अशा वेळी टायरच्या आतून जाड तुकडा लावून ट्यूब टाकावी लागते, म्हणून सर्वांचे टायर ट्यूबलेस असले तरी ट्यूब सोबत हव्यातच. ट्यूब टाकण्यापूर्वी टायरच्या आतल्या बाजूवरून सावकाश बोट फिरवून अडकलेले काटे काढावेत. सीलंटने तोपर्यंत निमूटपणे बुजवलेले काटे नव्या ट्यूबला लगेच भोसकतात.

आपल्या मिश्र गटाला एक सोय आहे. माउंटन बाइकची २९ इंची चाके आणि ग्रॅव्हल सायकलची ७००सी चाके यांच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर असतो. त्यामुळे रुंदीचा पल्ला जुळला तर ट्यूब एकमेकांना देता येतात. २७.५ इंची आणि ६५०बी यांचेही तसेच, त्यांचा व्यास ५८४ मिलिमीटर. कोणाची चाके कोणती हे आधीच विचारून घ्यावे. मागचा डिरेलर (गिअर बदलणारी यंत्रणा) फ्रेमला ज्या तुकड्याने जोडलेला असतो तो हँगर मात्र उसना मिळत नाही, कारण तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. सायकल उजव्या बाजूवर पडली की तो वाकतो आणि मोडल्यास सायकल जागेवर थांबते. ज्याचा-त्याचा एक हँगर ज्याच्या-त्याच्या पिशवीत असावा. चेन जोडण्याची क्विक लिंकही ११ आणि १२ गिअरच्या चेनसाठी वेगवेगळी लागते.

उत्तर : छायाशोधक

पाण्याचा हिशेब संथगती यांच्याच पद्धतीने, तासांवरून करावा. ४५ किलोमीटर म्हणजे ताशी १६ च्या वेगाने पावणेतीन तासांहून थोडा अधिक वेळ. सकाळी ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी बहुतेकांना पुरते, पण ऊन तापल्यावर एक लिटर धरावे. म्हणजे त्या टप्प्यासाठी प्रत्येकाकडे ३ लिटर हवे. फ्रेमवरच्या ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्यांत दीड लिटरच मावते. उरलेले दीड लिटर फ्रेमच्या खालच्या नळीखालील तिसऱ्या बाटलीत, फ्रेमच्या पिशवीत किंवा पाठीवरच्या पाणपिशवीत न्यावे लागेल. पाठीवर वजन नको असते हे खरे, परंतु खाचखळग्यांच्या रस्त्यावर हँडल न सोडता नळीने पिता येते म्हणून माणूस प्रत्यक्षात अधिक पाणी पितो, हा त्या पिशवीचा मोठा गुण आहे. तो टप्पा शक्यतो सकाळी ९ च्या आत संपेल अशी मार्गाची दिशा ठरवता आली, तर सर्वांत उत्तम.

'एक लिटर' ही सरासरी आहे आणि घामाच्या बाबतीत सरासरीवर विसंबणे योग्य नाही. सफरीच्या आधी प्रत्येकाने एकदा उन्हात तासभर चालवून, आधी व नंतर वजन करावे. घटलेला प्रत्येक किलो म्हणजे जवळपास एक लिटर घाम. त्यात मधल्या काळात प्यायलेले पाणी मिळवावे. एकाच गटात एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट निघणे मुळीच असामान्य नाही.

केवळ साधे पाणी सतत पीत राहण्याचाही धोका आहे. घामातून सोडियम जातो, आणि गरजेपेक्षा जास्त साधे पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमची पातळी उतरते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण अशी त्याची लक्षणे असतात आणि ती निर्जलीकरणासारखीच दिसत असल्यामुळे सोबती आणखी पाणी पाजतात. म्हणून एका बाटलीत क्षारयुक्त पेय आणि दुसरीत साधे पाणी ठेवावे. साधे पाणी डोक्यावर व मानेवर ओतायलाही उपयोगी पडते. खाण्याच्या बाबतीत ताशी ६० ग्रॅम कर्बोदके हे लक्ष्य ठेवावे. त्याहून अधिक घ्यायची असतील तर ग्लुकोजसोबत फ्रुक्टोज असलेले मिश्रण लागते, कारण ग्लुकोज शोषण्याची आतड्याची क्षमता त्या आकड्याच्या आसपास संपते आणि फ्रुक्टोजला वेगळी वाट असते. पोटाला याची सवय आधीच्या सरावांत लावावी.

शरीराला उष्णतेची सवय होण्यासाठी साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातील मिठाचे प्रमाण घटते. आपल्यापैकी जे एरवी पहाटेच्या गारव्यातच सायकल चालवतात, त्यांनी सफरीपूर्वीचे दोन आठवडे काही वेळ उन्हात, बेताच्या जोराने चालवावे.

मार्गावरील सर्वांत तापदायक जागा कोणती, हे नकाशावरच ओळखता येते. पाठीमागून वारा आणि समोर लांब चढ, ही ती जागा. ताशी ८ किलोमीटरने चढताना मागून तेवढाच वारा असेल, तर अंगाला हवा लागतच नाही. घाम वाहतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याखेरीज शरीर थंड होत नाही. असा चढ सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात येत असेल, तर बाकी सर्व नियोजन त्याच्या भोवती फिरवावे.

उष्माघाताविषयी सर्व ८ जणांना एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. एखादा असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, सरळ रस्त्यावर झोकांड्या खाऊ लागला, तर ती थकव्याची नव्हे तर आणीबाणीची वेळ आहे असे समजावे. घाम थांबण्याची वाट पाहू नये, कारण श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. सावलीत न्यावे, हेल्मेट व हातमोजे काढावेत, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवून वारा घालावा, जवळ गार पाण्याचा साठा असेल तर डोके वर धरून त्यात बसवावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने मदत बोलवावी. आधी थंड करणे आणि मग हलवणे, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

उत्तर : नकाशावाला

वरील सर्व हिशेब रस्ता अपेक्षेप्रमाणे निघाला तरच खरे ठरतात. मार्ग आखण्याची बहुतेक अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावरील नोंदी वापरतात. तेथे रस्त्याच्या पृष्ठभागाची आणि कच्च्या वाटेच्या प्रतीची नोंद असते. प्रत १ म्हणजे जवळपास पक्की, प्रत ५ म्हणजे मऊ माती. पण ही नोंद स्वयंसेवकांनी कधीतरी केलेली असते आणि त्यानंतर पाऊस, ट्रॅक्टर आणि नांगर यांनी आपापले काम केलेले असते. उपग्रहाची छायाचित्रे पाहून मार्ग टप्प्याटप्प्याने तपासावा आणि जेथे वाट पुसट होते तेथे पर्यायी रस्ता आधीच नोंदवून ठेवावा. वाळूच्या पट्ट्याची लांबी तर अवश्य मोजावी. तो चार किलोमीटरचा असेल आणि सायकली हाताने ढकलाव्या लागल्या, तर तेवढ्यातच तासभर जाईल.

सायकलसंगणकावरील मार्गाच्या एकाच फाइलच्या भरवशावर न राहता किमान तिघांच्या फोनमध्ये नकाशे ऑफलाइन उतरवलेले असावेत. मार्ग जेथे जेथे डांबरी रस्त्याला छेदतो किंवा त्याच्या जवळून जातो, त्या सर्व जागा फाइलमध्ये खुणेने दाखवाव्यात. सफर अर्धवट सोडायची वेळ आली तर सुटकेच्या जागा याच आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोडण्याची अट निघण्यापूर्वी ठरवावी, उदाहरणार्थ : 'सकाळी १० वाजेपर्यंत शेवटचा माणूस अमुक फाट्यापर्यंत पोहोचला नाही, तर सर्वांनी लहान मार्ग धरायचा.' उन्हात दमलेल्या आठ माणसांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून घेतलेला निर्णय सहसा सर्वांत हट्टी माणसाचा असतो.

गाडीबाबत संमिश्र मत देतो. गाडी सतत मागे असली तर तिचा फुफाटा सर्वांच्या नाकातोंडात जातो आणि पाणी कमी घेऊन निघण्याची सवय लागते. वर उल्लेख आलेल्या अनबाउंड शर्यतीत बाहेरची मदत केवळ ठरलेल्या ठिकाणीच घेता येते. तेच तत्त्व येथे वापरावे. गाडीने पक्क्या रस्त्याने जाऊन दोन-तीन ठरलेल्या छेदांवर थांबावे, पाणी आणि बर्फ तेथे मिळावा, आणि मधल्या अंतरासाठी गाडी नाहीच असे समजून प्रत्येकाने स्वतःची तयारी ठेवावी.

प्रतिसाद : मुरूमवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आरंभाचे ठिकाण पुढे नेऊन मार्ग १९० किलोमीटरवर आणत आहोत आणि ४५ किलोमीटरचा कोरडा टप्पा पहिल्या दिवशी अगदी सुरुवातीला घेत आहोत. ३२ मिलिमीटरवाल्यांपैकी एकाच्या फ्रेममध्ये ४० चा टायर बसतो. दुसऱ्याने ग्रॅव्हल सायकल उसनी घेण्याचे मान्य केले आहे. गाडी तीन ठिकाणी थांबेल.

एक शंका उरते. डांबरी रस्त्यावरचे दोघे एकमेकांच्या चाकामागे अगदी जवळून चालवण्यात तरबेज आहेत आणि त्यामुळे सपाट टप्प्यांवर गटाचा वेळ वाचेल असे त्यांचे म्हणणे आहे. कच्च्या रस्त्यावर हे कितपत योग्य?

उत्तर : आरे आणि तुंबा

दाबलेल्या मुरुमावर, समोरचा रस्ता दिसत असताना आणि समोरून वारा असताना सायकलभर अंतर ठेवून चालवण्यास हरकत नाही. सुट्या खडीवर मात्र नको. एक तर ताशी १६ ते २० च्या वेगात हवेचा अवरोध तितका मोठा नसतो, त्यामुळे फायदा थोडा असतो. दुसरे, पुढच्या चाकाच्या आड खड्डा दिसत नाही आणि खडीवर ऐन वेळी लावलेला पुढचा ब्रेक चाक घसरवतो. मागेपुढे राहण्याऐवजी दोन्ही चाकोऱ्यांतून शेजारी-शेजारी चालवावे, समोरून वाहन येत नसेल तेव्हा. उतारावर तर तीन-चार सेकंदांचे अंतर हवेच, नाहीतर मागचा माणूस धुळीत आंधळा होतो. उतारावरच्या आडव्या लाटांवर बैठकीवरून किंचित उठून गुडघे व कोपरे सैल ठेवावेत, आणि ब्रेक वळणाच्या आधी लावून वळणात सोडावेत. सवय नसलेल्या दोघांना हे एखाद्या छोट्या उतारावर आधी करून पाहू द्यावे.

उत्तर : संथगती

एक भर घालते : त्या दोघांना पहिल्या दिवशी पहिल्या दोन तासांत आघाडीवर ठेवू नये. गारवा असतो, पाय ताजे असतात आणि डांबरी रस्त्याच्या वेगाची सवय असते, त्यामुळे सर्व गट नकळत त्यांच्यामागे ओढला जातो. माउंटन बाइकवाल्यांपैकी एकाला पुढे ठेवावे.